विश्लेषण : तांत्रिक चूक सारखीच, शिक्षा मात्र तीन! रॅलीचा हा न्याय कुठला?

रॅली संपते, धुळीने माखलेल्या गाड्या बंद आवारात लावल्या जातात, प्रेक्षक घरी जातात. अंतिम निकाल मात्र अजून लागलेला नसतो. तांत्रिक तपासनीस काही गाड्यांची बॉनेट उघडतात, क्लच, टर्बो, सस्पेन्शन सोडवतात आणि प्रत्येक भाग कागदाशी ताडून पाहतात. एखादा भाग जुळला नाही तर? कधी एका मिनिटाचा दंड होतो, कधी विजेता थेट बाद होतो, तर कधी संघ पैसे भरतो आणि चषक जिथल्या तिथे राहतो. रॅलीचे टप्पे जवळून पाहिलेल्या नाशिककरांनी आणि येथून स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या तरुणांनी हा गोंधळ समजून घ्यायला हवा.

एकाच चालकाच्या वाट्याला दोन न्याय?

फिनलंडचा मिक्को हिर्वोनेन हे या गोंधळाचे सर्वात बोलके उदाहरण. सप्टेंबर २००९ मध्ये जागतिक रॅली मालिकेतील ऑस्ट्रेलियाची फेरी झाली. रस्त्यावर सर्वात वेगवान ठरला सिट्रोएनचा सेबास्टियन लोएब. फोर्ड चालवणारा हिर्वोनेन दुसरा आला. नंतरच्या तपासणीत सिट्रोएनच्या गाड्यांवरील अँटी-रोल बारच्या जोडणीचा एक भाग मान्यताप्राप्त नमुन्याशी जुळत नसल्याचे आढळले. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये यासाठी ही व्यवस्था असते. स्टुअर्डनी, म्हणजे स्पर्धेच्या पंचांनी, लोएबच्या वेळेत एक मिनिट वाढवले. तो दुसरा झाला आणि हिर्वोनेन विजेता ठरला.

आता एप्रिल २०१२. पोर्तुगालची फेरी. हिर्वोनेन आता सिट्रोएनमध्येच होता आणि नव्या संघाकडून त्याने पहिला विजय मिळवला होता. तपासणीत गाडीचा क्लच मान्यताप्राप्त नमुन्याशी जुळला नाही. या वेळी मिनिटाचा हिशेब झालाच नाही. हिर्वोनेन थेट बाद झाला आणि खासगी संघातून फोर्ड फिएस्टा चालवणाऱ्या नॉर्वेच्या मॅड्स ओस्टबर्गला विजय मिळाला.

दोन्ही वेळी संघ तोच होता आणि तक्रारही तीच: बसवलेला भाग मंजूर कागदाप्रमाणे नाही. शिक्षा मात्र वेगळी.

एका मिनिटाने आणि बाद होण्याने किती फरक पडतो?

विश्वविजेतेपदाएवढा. २००९ मध्ये पहिल्या क्रमांकाला १० आणि दुसऱ्याला ८ गुण मिळत. त्या मोसमाच्या अखेरीस लोएबचे ९३ गुण झाले आणि हिर्वोनेनचे ९२. एका गुणाने लोएब सहाव्यांदा विश्वविजेता झाला. ऑस्ट्रेलियात मिनिटाच्या दंडानंतरही लोएबकडे दुसऱ्या क्रमांकाचे ८ गुण राहिले होते. पोर्तुगालचा न्याय तिथे लावला असता तर ते ८ गुणही गेले असते आणि विजेतेपद हिर्वोनेनकडे गेले असते. उलट, काहीच दंड झाला नसता तर लोएब पाच गुणांनी पुढे राहिला असता. विश्वविजेता कोण, याचे उत्तर त्या दिवशी पंचांच्या खोलीतल्या एका निवडीवर अवलंबून होते.

हिर्वोनेनच्या बाजूने पाहिले तर कथा अधिक कडू आहे. प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत दोष सापडला तेव्हा शिक्षा सौम्य होती. स्वतःच्या गाडीत सापडला तेव्हा कडक. क्लच काही त्याने बसवलेला नव्हता.

तिसरी शिक्षा कोणती?

ऑक्टोबर २०२०, इटलीतील सार्डिनिया. ह्युंदाईचा डॅनी सोर्डो जिंकला. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या सबफ्रेमचे वजन कागदावरच्या वजनापेक्षा कमी भरले. संघाला आर्थिक दंड झाला, पण सोर्डोचा विजय कायम राहिला. म्हणजे मंजूर कागदाशी न जुळणाऱ्या भागासाठी ११ वर्षांत तीन प्रकारच्या शिक्षा झाल्या: वेळ, हकालपट्टी आणि पैसे.

मंजूर कागद म्हणजे नेमके काय?

याला होमोलोगेशन म्हणतात. रॅलीची गाडी मूळ कारखान्यातल्या गाडीवर आधारलेली असते. कोणता भाग कसा असेल, त्याचे माप, वजन, धातू, छायाचित्रे अशी सगळी माहिती उत्पादक संघटनेकडे आधी नोंदवतो. एकदा शिक्का बसला की गाडीत तोच भाग लागला पाहिजे. स्पर्धेआधी गाडी तपासली जाते, काही भागांना सील ठोकले जाते आणि स्पर्धेनंतर निवडक गाड्या पूर्ण उघडल्या जातात.

इतका काटेकोरपणा कशासाठी? कारण एकेका ग्रॅमची आणि मिलिमीटरची बेरीज सेकंदांत होते. शिवाय हा नियम नसेल तर ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचीच गाडी वेगवान, असा खेळ उरतो.

नियमपुस्तक काय सांगते?

दोन गोष्टी सांगते, आणि दोन्ही नीट वेगळ्या करून पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट दोषाबद्दल. जागतिक संघटना एफआयएच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार गाडी तांत्रिक नियमांत बसत नसेल तर ‘यातून आम्हाला वेगाचा काही फायदा झाला नाही’ हा बचाव चालत नाही. भाग जुळतो किंवा जुळत नाही. अधलेमधले काही नाही.

दुसरी गोष्ट शिक्षेबद्दल. तीच संहिता पंचांच्या हाती शिक्षांची लांबलचक यादी देते. ताकीद, आर्थिक दंड, वेळेचा दंड, बाद करणे आणि त्याहून पुढे निलंबन. यातली कोणती शिक्षा कोणत्या तांत्रिक दोषाला, हे रॅलीत बहुतांशी पंचांच्या विवेकावर सोडलेले आहे.

गफलत इथेच होते. दोष ठरवताना ‘फायदा झाला का’ हा प्रश्न दाराबाहेर ठेवला जातो आणि शिक्षा ठरवताना तोच प्रश्न मागच्या दाराने आत येतो. मग ज्या संघाचा वकील हुशार, ज्याच्याकडे संगणकीय आकडेमोड तयार, त्याचे म्हणणे अधिक पटते.

मग रॅलीत ठरलेले दंड नसतातच का?

असतात, आणि अगदी नेमके असतात. जागतिक रॅलीत वेळ-चौकीवर उशिरा पोहोचल्यास दर मिनिटाला १० सेकंद दंड. वेळेआधी पोहोचल्यास दर मिनिटाला एक मिनिट. टप्प्याच्या सुरुवातीला इशाऱ्याआधी गाडी सुटली तर पहिल्यांदा १० सेकंद, दुसऱ्यांदा एक मिनिट, तिसऱ्यांदा तीन मिनिटे. चालक विश्वविजेता असो वा पहिलीच रॅली खेळणारा, हिशेब तोच. को-ड्रायव्हरला गाडीत बसल्या बसल्या कळते की आपले किती गेले.

त्यामुळेच वेळेच्या दंडांवरून फारशी भांडणे होत नाहीत. लोक चिडतात ते चुकीवर, पंचांवर नाही. घड्याळाच्या चुकीला दरपत्रक असू शकते, तर पान्याच्या चुकीला का नको?

फॉर्म्युला वनमध्ये काय होते?

तिथे हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. जुलै २०२४ मध्ये बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल जिंकला. शर्यतीनंतर त्याची मर्सिडीज किमान वजनापेक्षा दीड किलोने हलकी भरली. निकाल : बाद. नोव्हेंबर २०२५ मध्ये लास वेगासला मॅक्लारेनच्या लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्त्री यांच्या गाड्यांखालची फळी नियमापेक्षा जास्त झिजलेली निघाली. नॉरिसच्या गाडीत फरक होता ०.१२ मिलिमीटरचा. विजेतेपदाची चुरस ऐन भरात होती आणि हे मुद्दाम केलेले नाही हे पंचांनीही मान्य केले. तरीही दोघे बाद.

निर्णय कठोर होता, पण कोणालाही तो अनपेक्षित वाटला नाही. नियमातच लिहिले आहे की फळी नवी असताना १० मिलिमीटर असते आणि झिजून ९ पर्यंत चालते. एक मिलिमीटरची सूट आधीच दिलेली आहे. त्यापुढे गेलात की बाहेर.

सातपूरच्या कारखान्यात हाच प्रश्न कसा सुटतो?

हे समजायला नाशिककरांना लास वेगासला जायची गरज नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही यंत्रशाळेत डोकावले तरी पुरे. ड्रॉइंगवर माप लिहिलेले असते आणि त्याच्याच शेजारी टॉलरन्स, म्हणजे किती कमी-जास्त चालेल ते. तपासणारा कामगार ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज लावतो. गो आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. जॉब कोणी बनवला, त्याचा हेतू काय होता, गिऱ्हाईक मोठे की छोटे, हे गेजला कळत नाही. काही जॉब पुन्हा मशिनवर जातात, काही भंगारात. पण कोणता कुठे जाईल हेही आधी ठरलेले असते.

सूट ड्रॉइंगवर लिहिलेली असते. ती तपासणाऱ्याने मनाने द्यायची नसते.

रॅलीला हेच लागू केले तर अर्धे वाद संपतील. कारखान्यात बनलेल्या कोणत्याही भागाच्या वजनात थोडाफार फरक येणारच. मग सबफ्रेम किती ग्रॅमपर्यंत हलकी चालेल, ते होमोलोगेशनच्या कागदावर ठळक लिहा. त्या मर्यादेत असेल तर दोषच नाही आणि दंडही नाही. मर्यादेबाहेर असेल तर त्या फेरीचा निकाल गेला. सवलत नियमात असावी, शिक्षेत नसावी. या मापाने पोर्तुगालचा निर्णय योग्य होता. ऑस्ट्रेलियाचा सौम्य होता आणि सार्डिनियाचा त्याहून सौम्य.

चूक आणि फसवणूक यांत फरक करायचाच नाही का?

जरूर करायचा. पण तो वरच्या दिशेने. १९९५ मध्ये कॅटलोनियाच्या रॅलीत टोयोटाच्या सेलिका गाड्यांत टर्बोच्या रेस्ट्रिक्टरमध्ये अशी करामत सापडली की भाग घट्ट बसवला की झडपेसारखी फट उघडे आणि जादा हवा इंजिनात जाई. तपासणीसाठी तो सोडवला की फट आपोआप बंद. त्या वर्षापासून रेस्ट्रिक्टरचे तोंड ३४ मिलिमीटर ठरवले होते आणि ही युक्ती नेमकी त्यालाच बगल देत होती. संघाला १२ महिन्यांची बंदी झाली. युहा कान्कुनेन, दिदिए ऑरिओल यांच्यासह त्यांच्या चालकांचे मोसमातले गुण काढून घेतले गेले.

लपवाछपवी सिद्ध झाली तर शिक्षा एका फेरीपुरती राहू नये, हे योग्यच. मात्र ‘लपवले नव्हते’ म्हणून निकाल वाचवणे योग्य नाही. प्रामाणिक चुकीची शिक्षा फेरी गमावणे, आणि फसवणुकीची शिक्षा मोसम गमावणे. पायऱ्या दोन, पण दोन्ही आधीपासून माहीत असलेल्या.

निकालाला उशीर झाला तर?

तोही अन्यायच. १९६६ च्या मोंटे कार्लो रॅलीत तीन मिनी कूपर पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या. हेडलाइटचा झोत खाली करण्याची त्यांची व्यवस्था नियमात बसत नाही म्हणून तिन्ही बाद झाल्या, चौथी आलेली फोर्ड कॉर्टिनाही गेली आणि सिट्रोएनचा पाउली तोइवोनेन विजेता ठरला. रॅली संपल्यावर दिव्यांवरून विजेता बदलला, ही गोष्ट आजही या खेळात उदाहरण म्हणून सांगितली जाते.

१९८६ चे प्रकरण तर त्याहून चमत्कारिक. इटलीच्या सानरेमो रॅलीत पूजोच्या गाड्या खालच्या बाजूच्या पट्ट्यांवरून बाद केल्या गेल्या. लान्चाचा मार्क्कू आलेन जिंकला आणि मोसमाअखेर विश्वविजेताही ठरला. डिसेंबरमध्ये वरिष्ठ संघटनेने सानरेमोचा अख्खा निकाल रद्द केला. आलेनचे विश्वविजेतेपद ११ दिवसांत संपले आणि ते पूजोच्या कान्कुनेनकडे गेले. पंचांनी एक माप लावले, वरच्यांनी दुसरे. मधल्या मध्ये चालक भरडला गेला.

नाशिकला याचे काय?

नाशिक परिसराने राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेतील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ पाहिली आहे. दुचाकींच्या राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्याही इथे झाल्या आहेत. देशातील या स्पर्धा एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार चालतात आणि त्या नियमांचा आधार एफआयएचीच संहिता आहे. त्यामुळे पंचांच्या विवेकाचा प्रश्न जागतिक मालिकेपुरता उरत नाही. तो आपल्या मातीतल्या टप्प्यांपर्यंत येतो.

इथे फटकाही वेगळा बसतो. मोठ्या कंपनीच्या संघाला आर्थिक दंड म्हणजे खर्चाच्या वहीतली एक नोंद. पण राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारा खासगी स्पर्धक अनेकदा पदरमोड करून आलेला असतो. गाडी जुनी विकत घेतलेली, ती बांधणारा गॅरेजवाला ओळखीचा, टायर मोजून वापरलेले. त्याला आर्थिक दंड झाला तर पुढची फेरी हुकते. तो बाद झाला तर प्रायोजक शोधण्याचे वर्षभराचे काम पाण्यात जाते. एकाच यादीतली शिक्षा श्रीमंताला टोचते आणि हौशी स्पर्धकाला लोळवते. पैशांचा दंड करून निकाल कायम ठेवण्याची पद्धत म्हणूनच सर्वात अन्यायकारक आहे. ती नियमभंगाला किंमत लावते, आणि ती किंमत सगळ्यांना परवडत नाही.

आणखी एक बाजू आहे. बाद झालेल्या विजेत्याच्या मागे नियमात गाडी चालवून दुसरा आलेला कोणीतरी असतो. दोषी संघाला सवलत दिली की तिची भरपाई हा दुसरा करतो. पंचांसमोरच्या सुनावणीत त्याची बाजू क्वचितच ऐकू येते.

ठरलेला तक्ता नको, असे म्हणणारे काय सांगतात?

त्यांचा पहिला मुद्दा असा की रॅली म्हणजे बंद ट्रॅक नव्हे. दगड, खड्डे, पाण्याचे ओहोळ यांतून गाडी जाते, बंपर रस्त्यात पडतो, पत्रा वाकतो. संध्याकाळी वजन कमी भरले तर त्याला नियमभंग म्हणायचे का? मुद्दा रास्त आहे. म्हणूनच तक्त्यातला पहिला प्रश्न हाच हवा : भाग सुरुवातीपासून तसा होता की वाटेत मोडला? वाटेत मोडलेल्याला, तुकडा किंवा छायाचित्र दाखवून, वेगळी वाट असावी. कागदाशी न जुळणारा क्लच मात्र दगडावर आपटून तसा होत नाही.

दुसरा मुद्दा, ठरलेले दर कळले की संघ हिशेब मांडतील. एका मिनिटाच्या बदल्यात हलका भाग परवडतो का, हे पाहतील. हा धोका वेळेच्या आणि पैशांच्या दंडात नक्की आहे. पण निकालच जाणार असेल तर हिशेब मांडायला काय उरते?

तिसरा मुद्दा पंचांच्या अनुभवाचा. अनुभवी पंच प्रकरण पाहून न्याय करतात, त्यांचे हात बांधू नका, असे सांगितले जाते. पण पंच प्रत्येक फेरीला तेच नसतात. एकाचा अनुभव दुसऱ्याच्या निर्णयात उतरायचा तर तो कुठेतरी लिहिलेला हवा. फॉर्म्युला वनमध्ये पंच वापरत असलेली दंडाची मार्गदर्शक सूची एफआयएने २०२५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती मुख्यतः चालकांच्या ट्रॅकवरील वर्तनासाठी आहे, तरी त्यातून पंचांचे अधिकार गेले नाहीत. प्रेक्षकांना आणि चालकांना निर्णय तपासण्याचे साधन तेवढे मिळाले.

मग काय करता येईल?

राष्ट्रीय मालिकेपुरते बोलायचे तर चार गोष्टी फार खर्चाशिवाय होऊ शकतात. एक, प्रत्येक मोजण्यायोग्य भागाची मर्यादा, टॉलरन्ससह, स्पर्धेआधी जाहीर करणे. दोन, तांत्रिक दोषांचा एक पानी तक्ता : सुरुवातीपासून चुकीचा भाग असेल तर फेरीचा निकाल रद्द, लपवाछपवी असेल तर पुढच्या फेऱ्यांवरही बंदी, वाटेत मोडला असेल तर पुराव्यावर सुटका. तीन, प्रत्येक निर्णय कारणांसह, आधीच्या तशाच प्रकरणाचा उल्लेख करून, त्याच आठवड्यात प्रसिद्ध करणे. चार, स्पर्धेआधीच्या तपासणीत खासगी स्पर्धकाला शंकास्पद भाग स्वतःहून दाखवून तो बदलण्याची संधी देणे. ज्याला नियम पाळायचा आहे त्याला तो पाळता यावा, एवढीच यामागची अपेक्षा.

रॅलीच्या चालकाला पुढचे वळण दिसत नाही. को-ड्रायव्हर वहीतून वाचतो आणि चालक त्या शब्दांवर विसंबून वेग धरतो. टप्पा दर वेळी नवा असतो, पण वहीतल्या ‘डावे तीन’चा अर्थ बदलत नाही. नियमांच्या वहीवरही स्पर्धकाला तितकाच भरवसा ठेवता आला पाहिजे.